शिरवणे पट्ट्यातील डेस्कटॉपची वाटचाल

नवी मुंबईतील नेरूळमधले शिरवणे हे जुने गाव ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याला लागून आहे. उद्योगांसाठी जमीन विकसित करणारी एमआयडीसी १९६२ साली, तर नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली. पट्ट्यातील शेतजमिनींवर आधी कारखाने आले, मग महापे-ऐरोलीत आयटी कचेऱ्या. तिथे टेबलागणिक संगणक, म्हणून दुरुस्तीही टेबलागणिक. व्हर्च्युअल डेस्कटॉपने संगणकाचे काम सर्व्हरवर नेले. टेबलावर उरते हार्ड डिस्क नसलेले छोटे यंत्र: दाबलेल्या कळीची नोंद सर्व्हरकडे जाते, पडद्याचे चित्र परत येते. यात दोन पर्याय असतात. एकाच सर्व्हरवरची सामायिक सत्रे स्वस्त पडतात. प्रत्येकाला स्वतंत्र आभासी यंत्र देणे महाग, पण मोकळीक अधिक. २०१५ साली मायक्रोसॉफ्टची, २०१६ साली अ‍ॅमेझॉनची मुंबईतील क्लाउड सेवा सुरू झाली आणि भाड्याच्या सर्व्हरचा तिसरा पर्याय जवळ आला. २०२०च्या टाळेबंदीत घरून काम करण्यासाठी तिन्ही पर्याय वापरात आले.