नासार्श : नाकांतील मांसांकुराचा इतिहास

शाहूमहाराजांनीं १८९५ सालीं वसविलेल्या आमच्या शाहूपुरीच्या पेठेंत, नाक सदा चोंदलेलें आहे, वास म्हणून येत नाहीं, अशी तक्रार करणारे लोक कमी नाहींत. 'नाकांत मांस वाढलें आहे' असें ते सांगतात. हें मांस कापून काढलें तरी पुष्कळदां पुन्हां वाढतें, आणि दोष शस्त्रवैद्याच्या माथीं येतो. तो कितपत न्याय्य आहे, हें या विकाराच्या इतिहासावरून कळतें.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत, बाविसाव्या अध्यायांत, नाकाचे ३१ रोग सांगितले आहेत. यादवजी त्रिकमजी आचार्यांनीं संपादिलेला हा ग्रंथ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें १९१५ सालीं प्रसिद्ध केला. त्या रोगांतच नासार्श येतो. मूळव्याधीच्या मोडासारखा अंकुर नाकांत दिसला, म्हणून 'अर्श' हेंच नांव त्याला मिळालें. अर्शावर औषध, क्षार, शस्त्र व अग्नि असे चार उपाय सुश्रुतानें दिले आहेत. तिकडे ग्रीसमध्यें हिपॉक्रेटीसच्या परंपरेंतील वैद्य दोर्‍याला स्पंज बांधून तो नाकांतून तोंडावाटे ओढीत व अंकुर उपटीत. दोन्हीकडे शस्त्रक्रियेचा रोख डोळ्यांना दिसणार्‍या अंकुरावरच होता.

अंकुराखालची भूमि दाखविली ती सूक्ष्मदर्शक यंत्रानें. १८५८ सालीं बर्लिनच्या विर्खोनें, प्रत्येक पेशी पेशीपासूनच जन्मते, हा सिद्धान्त ग्रंथरूपानें मांडला. नाकाच्या अस्तराला दीर्घकाळ दाह झाला कीं तें पाण्यानें फुगतें आणि द्राक्षासारखें लोंबूं लागतें. झीज भरून काढण्यासाठीं अस्तराच्या तळच्या पेशी वाढूं लागतात. २०१८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांना आढळलें, कीं अशा अंकुरांत या तळच्या पेशींची गर्दी होते. त्या पक्व न होतां अर्ध्यावरच अडकतात, आणि दाहाची जणूं आठवण जपून ठेवतात.

ऊस तोडला तरी बुडख्यांतून खोडवा फुटतो, हें कोल्हापूरच्या शेतकर्‍याला सांगावें लागत नाहीं. येथेंही तसेंच आहे. शस्त्रानें श्वासाची वाट मोकळी होते. दाह मात्र मागें राहतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनीं दिलेलें नाकांत फवारण्याचें औषध, बरें वाटतें म्हणून मध्येंच सोडूं नये. आणि मांस एकाच नाकपुडींत वाढत असेल, किंवा त्यांतून रक्त येत असेल, तर घरगुती उपायांत दिवस न घालवितां तपासणी करून घ्यावी. एका बाजूच्या वाढीमागें क्वचित् याहून गंभीर रोगही दडलेला असतो.