सिगार-कारखान्यांतील वाचनप्रथा
हाताने सिगार वळणाऱ्या कामगारांना काम चालू असताना वृत्तपत्रे, कादंबऱ्या व इतर ग्रंथ मोठ्याने वाचून दाखविण्याची, मूळ क्यूबामध्ये रूढ झालेली प्रथा. या वाचनाला स्पॅनिश भाषेत ‘लेक्तुरा’ व वाचणाऱ्यास ‘लेक्तोर’ अशी संज्ञा आहे. हॅव्हाना शहरात १८६५ मध्ये सुरू झालेली ही प्रथा पुढे फ्लॉरिडातील की वेस्ट व टँपा, तसेच प्वेर्त रीको आणि न्यूयॉर्क येथील सिगार-कारखान्यांत पसरली. कामाच्या जागी करमणूक वा उपदेश करण्याचे प्रयत्न इतर अनेक धंद्यांत झालेले आहेत. या प्रथेचे वेगळेपण असे, की काय वाचावे व कोणी वाचावे हे दीर्घ काळ श्रोतेच ठरवीत आणि वाचकाचे वेतनही तेच देत. या अधिकारावरूनच पुढे सरकारशी व कारखानदारांशी वारंवार संघर्ष झाले.

सिगार (मराठीत सामान्यतः चिरूट, हा शब्द मूळ तमिळ ‘सुरुट्टु’ यावरून आलेला आहे) वळण्याचे काम कौशल्याचे, पण नीरव असते. आत भरावयाची पाने मुठीत जुळवून घेणे, ती एका पानाने बांधणे व त्यावर बाहेरचे तलम वेष्टन चढविणे या क्रिया हातांना एकदा सवयीच्या झाल्या, की डोळे व बोटे त्यांत गुंतलेली असूनही कान आणि मन मोकळे राहतात. कामगार ज्या मोठ्या दालनात बाकांच्या रांगांतून बसत, त्याला ‘गालेरा’ म्हणत. कापडगिरणीच्या मागखात्यात शेजाऱ्याचेही बोलणे ऐकू येत नाही. गालेरामध्ये मात्र एक खणखणीत आवाज शेकडो माणसांपर्यंत पोहोचू शके. मजुरी वळलेल्या नगांवर मिळत असल्यामुळे वेळेचा हिशेब पुष्कळसा कामगाराच्याच हाती होता. यंत्राचा गोंगाट नसणे व मजुरी नगावर असणे या दोन गोष्टींवाचून ही प्रथा उभीच राहिली नसती.

कल्पनेचे मूळ कारखान्याबाहेरचे आहे. स्पॅनिश प्रवासी हासिंतो दे सालास ई किरोगा याने १८४० च्या सुमारास क्यूबातील एका कॉफीच्या मळ्याला भेट दिली. कॉफीचे दाणे मुकाट्याने निवडीत बसलेले गुलाम पाहून, त्या वेळात त्यांना काही वाचून दाखविले जावे, अशी सूचना त्याने आपल्या प्रवासवर्णनात केली. ती प्रत्यक्षात आली नाही. पुढे हॅव्हानाच्या तुरुंगात सिगार वळणाऱ्या कैद्यांना वाचून दाखविण्याचा प्रयोग झाला. या दोन्ही ठिकाणी वाचन हे वरून खाली दिलेले दान होते. कामगारांनी ते स्वतःच्या हाती घेतले ते १८६५ मध्ये. पार्तागास कारखान्यात काम करणाऱ्या सातुर्नीनो मार्तीनेस याने त्या वर्षी २२ ऑक्टोबर रोजी ला आउरोरा हे कारागिरांसाठीचे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून वाचनाचा पुरस्कार केला. कामगारांपैकी बहुसंख्य निरक्षर होते. त्यामुळे साप्ताहिक काढणाऱ्याला ते वाचून दाखविण्याची सोय पाहणे प्राप्तच होते. २१ डिसेंबर १८६५ रोजी एल फीगारो या कारखान्यात सु. ३०० कामगारांनी आपल्यातीलच एकाला वाचक नेमले. त्याची बुडणारी मजुरी इतरांनी वर्गणीने भरून दिली. पुढच्याच महिन्यात पार्तागासमध्येही वाचन सुरू झाले.

ही सुरुवात अल्पकाळच टिकली. मे १८६६ मध्ये, म्हणजे अवघ्या पाच महिन्यांत, वसाहतीच्या शासनाने हुकूम काढून तंबाखूच्या व अन्य कारखान्यांत पुस्तके व वृत्तपत्रे वाचून कामगारांचे लक्ष कामावरून उडविण्यास आणि कामाशी संबंध नसलेल्या विषयांवर चर्चा करण्यास बंदी केली. कारण कामाचे दाखविले असले, तरी खरे भय चर्चेचे होते, हे हुकूमाच्या आशयावरूनच दिसते. १८६८ मध्ये स्पेनविरुद्ध दहा वर्षांचे युद्ध सुरू झाले आणि हजारो सिगार-कामगार समुद्र ओलांडून फ्लॉरिडात गेले. व्हिसेन्ते मार्तीनेस ईबोर (१८१८–९६) या कारखानदाराने १८६९ मध्ये आपला उद्योग हॅव्हानाहून की वेस्टला व १८८५-८६ मध्ये तेथून टँपाला हलविला. त्याच्या नावाने वसलेली ईबोर सिटी ही पुढे या प्रथेची दुसरी राजधानीच ठरली. क्यूबात १८८० नंतरच्या दशकात वाचनाने पुन्हा मूळ धरले. १८९६ मध्ये, स्वातंत्र्ययुद्धाच्या ऐन भरात, ते पुन्हा बंद करण्यात आले.

टँपातील कारखान्यांत वाचनाचे तंत्र परिपूर्ण झाले. दालनाच्या मध्यावर वा एका बाजूस उंच कठडेदार मंच उभारलेला असे. त्याला ‘त्रिबुना’ म्हणत. वाचक आता कामगारांपैकी एक नसून व्यावसायिक होता. कोट-टोपी घालून तो येई, आणि प्रत्येक कामगाराकडून आठवड्याला सु. २५ सेंट मिळत असल्याने त्याची कमाई कुशल सिगार वळणाऱ्यापेक्षाही अधिक होई. सकाळी वृत्तपत्रे व दुपारी कादंबरी हा सर्वसाधारण क्रम होता. कामगार चळवळीच्या पत्रांसाठीही वेळ राखलेला असे. वाचकाच्या नेमणुकीपूर्वी उमेदवाराचे चाचणी-वाचन होई व मगच मतदान घेतले जाई. कादंबरीची निवडही मतानेच होई. सेर्व्हांटेसचा दोन किहोते, व्हिक्टर ह्यूगो, एमील झोला व थोरला अलेक्झांडर द्यूमा यांच्या कादंबऱ्या आणि स्पॅनिश कादंबरीकार पेरेस गाल्दोस याचे लेखन यांना विशेष मागणी असे.

वाचकाच्या तयारीचा विचार केला, तर हे काम वाटते तितके सोपे नव्हते. ध्वनिवर्धक नसताना कित्येक तास शेकडोंना ऐकू जाईल असा आवाज टिकविणे हा त्याचा केवळ पाया. सकाळच्या वाचनासाठी त्याला पहाटेच वृत्तपत्रे चाळून मजकूर निवडावा लागे. टँपासारख्या ठिकाणी इंग्रजी वृत्तांचे स्पॅनिश भाषांतरही त्यालाच करावे लागे. कादंबरीत पात्रागणिक आवाज बदलावा लागे, आणि दिवसाचे वाचन कोठे थांबवावे याचे भान ठेवावे लागे. कारण उद्याची उत्सुकता त्यावर अवलंबून असे. सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे समोरचा श्रोतृवर्ग. वीस-वीस वर्षे रोज ऐकत आलेले हे लोक होते. स्वतःला अक्षरओळख नसली, तरी दोन किहोतेमधील उतारेच्या उतारे त्यांच्यापैकी अनेकांना पाठ असत. अशा श्रोत्यांपुढे उच्चाराची चूक, गाळलेले पान किंवा न समजता ओढलेले वाक्य लपत नसे. पसंती दर्शविण्यासाठी ते ‘चावेता’, म्हणजे पाने कापण्याचे अर्धचंद्राकृती पाते, लाकडी फळीवर खटखट वाजवीत; नापसंती असली, की तेच पाते जमिनीवर पडू देत. नामांकित वक्त्यांनाही इतका रोकठोक निकाल सहसा मिळत नाही. श्रोत्यांच्या आवडीची एक खूण बाजारातही राहिली आहे : १९३५ मध्ये हॅव्हानात सुरू झालेल्या ‘मोंतेक्रिस्तो’ या सिगारचे नाव वळणाऱ्यांच्या लाडक्या द्यूमाच्या कादंबरीवरून पडले, असे सांगितले जाते.

या श्रोत्यांच्या राजकीय जाणिवेचा प्रत्यय क्यूबाच्या स्वातंत्र्यलढ्यात आला. की वेस्टच्या कारखान्यात वाचन करणारा होसे दोलोरेस पोयो हाच एल यारा या देशभक्तिपर पत्राचा संपादक होता. कवी व क्रांतिनेता ⟶ होसे मार्ती (१८५३–९५) याने २६ व २७ नोव्हेंबर १८९१ रोजी टँपा येथे सिगार-कामगारांच्या समुदायापुढे दोन भाषणे केली. त्यानंतर काही महिन्यांतच, १८९२ मध्ये, क्यूबन क्रांतिकारी पक्षाची स्थापना झाली. मार्तीच्या वक्तृत्वाचे श्रेय मोठे आहेच. पण त्याला मिळालेला श्रोता वाचकांनी पंचवीस वर्षे घडविलेला होता, ही बाब चरित्रग्रंथांतून बहुधा निसटते. या कामगारांनी आपल्या मजुरीचा ठराविक भाग नियमाने लढ्याच्या निधीला दिला. १८९५ च्या उठावाचा आदेश एका सिगारमध्ये गुंडाळून क्यूबात पोहोचविला गेला, ही कथा मात्र आख्यायिका म्हणूनच घेतलेली बरी.

अन्य स्पॅनिशभाषक वसाहतींतही वाचक होते. प्वेर्त रीकोमधील लेखिका व कामगार-संघटक लुईसा कापेतील्यो (१८७९–१९२२) हिने आरेसीबो येथे व पुढे टँपात वाचक म्हणून काम केले. १९१६ मध्ये न्यूयॉर्कला आलेला सिगार-कामगार बेर्नार्दो व्हेगा याच्या १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत तेथील कारखान्यातील वाचनाचे वर्णन आढळते. स्पॅनिश परंपरेबाहेरही असे घडले. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचा संस्थापक सॅम्युएल गॉम्पर्झ (१८५०–१९२४) तरुणपणी न्यूयॉर्कमध्ये सिगार वळीत असे. आपल्यापैकी एकजण वाचून दाखवी आणि त्याची मजुरी बुडू नये म्हणून बाकीचे आपण वळलेल्या सिगारांतून त्याला वाटा देत, असे त्याने आत्मचरित्रात (१९२५) नमूद केले आहे. भारतात केरळातील कण्णूर भागातील विडी-कामगारांत नेमकी हीच रीत होती : एकाने वृत्तपत्र वाचावयाचे व त्याच्या वाटच्या विड्या इतरांनी वळावयाच्या. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या दिनेश बिडी या सहकारी संस्थेच्या कार्यशाळांतही ती चालू राहिली. सोलापूरसारख्या ठिकाणी स्त्रिया प्रामुख्याने घरोघरी विड्या वळतात. तेथे शेकडोंनी एका छपराखाली बसण्याचा प्रसंगच येत नाही.

टँपातील प्रथेचा शेवट एकाएकी झाला. आर्थिक महामंदीच्या काळात, नोव्हेंबर १९३१ मध्ये, कारखानदारांनी वाचकांना काढून टाकले व मंच उखडले. वाचक साहित्याऐवजी क्रांतिकारक मजकूर वाचतात, असा त्यांचा आरोप होता. तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. पण तो मजकूर श्रोत्यांनीच मागितलेला व त्यांच्याच पैशाने वाचला जाणारा होता. कामगारांनी संप केला, मालकांनी टाळेबंदी केली आणि कामगार परतले तेव्हा वाचक नव्हते. त्यांची जागा रेडिओने घेतली. रेडिओवर संगीत व बातम्या होत्या. पण कोणता कार्यक्रम लावावा यावर मत देण्याची सोय नव्हती. त्याच सुमारास सिगार वळणारी यंत्रे अमेरिकेत वाढत होती आणि त्यांच्या आवाजात वाचन तसेही फार काळ तगले नसते. व्हिक्तोरियानो मान्तेगा या वाचकाने १९२२ मध्ये टँपात काढलेले ला गासेता हे पत्र मात्र पुढेही चालू राहिले. त्या जगाचे चित्रण क्यूबन-अमेरिकन नाटककार नीलो क्रूस याच्या ॲना इन द ट्रॉपिक्स या नाटकात आहे. १९२९ मधील ईबोर सिटीत वाचक टॉलस्टॉयची ॲना कॅरेनिना वाचू लागतो, असे त्याचे कथानक आहे. या नाटकाला २००३ मध्ये पुलित्झर पारितोषिक लाभले.

क्यूबामध्ये प्रथा टिकली, पण तिचे स्वरूप बदलले. तेथेही १९२३ मध्ये एका कारखान्यात रेडिओ आला. मात्र त्याने वाचकाला हटविले नाही, दोघेही एकाच दालनात नांदू लागले. १९६० मध्ये सिगार-उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर वाचक राज्याच्या पगारपत्रकावर आला आणि कामगारांची वर्गणी संपली. त्यामुळे वाचकाची मिळकत निश्चित झाली. पण ज्या आर्थिक स्वायत्ततेवर ही प्रथा उभी होती, तिचा आधार गेला. सकाळी ग्रान्मा हे शासनमान्य पत्र वाचले जाते. कादंबरीच्या बाबतीत मात्र श्रोत्यांचे मत आजही घेतले जाते व नव्या वाचकाची चाचणीही कामगारच घेतात. वाचकांत आता स्त्रियांचे प्रमाण मोठे असून ध्वनिवर्धकाचा वापर सर्वत्र रूढ आहे. २०१२ मध्ये क्यूबाने या प्रथेला राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून घोषित केले. प्रकरण आवडले, तर पाती अजूनही फळीवर वाजतात.