बालाक्लाव्हाची चिठ्ठी

इंग्रजी शाळांतून शिकलेल्या आमच्यांतील पुष्कळांस बालाक्लाव्हाचें नांव प्रथम कळलें तें टेनिसनच्या कवितेमुळें. १८५४ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झालेल्या त्या काव्यांत घोडेस्वारांचें शौर्य असें कांहीं गाइलें आहे, कीं तें शौर्य कोणत्या कारणीं खर्ची पडलें हें विचारण्याचें वाचकास भानच राहत नाहीं. इतिहासाचें काम त्या प्रश्नापासूनच सुरू होतें.

२५ ऑक्टोबर १८५४ रोजीं क्रिमियांतील या बंदरानजीक ब्रिटिश व रशियन सैन्यांची गांठ पडली. ब्रिटिश सेनापति लॉर्ड रॅग्लन पश्चिमेकडील उंच पठाराच्या कडेवर होते. तेथून खालचीं दोन्ही खोरीं व त्यांमधील टेंकड्यांची रांग त्यांस स्पष्ट दिसत होती. त्या टेंकड्यांवरील तुर्कांचे मोर्चे रशियनांनीं सकाळींच जिंकले होते. तेथील ब्रिटिश तोफा शत्रु ओढून नेत आहे असें रॅग्लन यांस वाटलें. त्यांनीं तोंडीं सांगितलेला हुकूम जनरल एअरी यांनीं पेन्सिलीनें कागदावर उतरविला. घोडदळानें त्वरित आघाडीस जावें व शत्रूस तोफा नेऊं देऊं नयेत, असा त्याचा आशय होता. कोणत्या तोफा, याचा खुलासा चिठ्ठींत नव्हता; वरून पाहणारास तो अनावश्यकच वाटला असावा.

घोडदळाचे मुख्य लॉर्ड ल्यूकन खालीं उभे होते. मधल्या उंचवट्यामुळें टेंकड्यांवरील हालचाल त्यांस दिसत नव्हती. चिठ्ठी आणली कॅप्टन नोलन यांनीं. हे पट्टीचे घोडेस्वार, घोडदळाच्या युद्धशास्त्रावर ग्रंथ लिहिलेले, आणि ल्यूकन यांच्याविषयीं मनांत तिरस्कार बाळगणारे. कोणत्या तोफा, असें ल्यूकन यांनीं विचारतांच नोलन यांनीं खोऱ्याच्या दिशेस हात फेकून उद्धट उत्तर दिलें. ल्यूकन यांनीं पुन्हां विचारलें नाहीं. लाइट ब्रिगेडचे नायक लॉर्ड कार्डिगन हे ल्यूकन यांचे मेहुणे. पण दोघांत जुनें वैर. समोर व दोन्ही बाजूंस शत्रूच्या तोफा आहेत, हें कार्डिगन यांनीं सांगितलें; ल्यूकन यांनीं सेनापतींच्या हुकुमाकडे बोट दाखविलें. बोलणें तेथेंच संपलें.

सुमारें ६७० स्वार मैलाहून अधिक लांब अशा त्या खोऱ्यांत शिरले. आरंभींच नोलन ठार झाले, व त्यांच्या हातवाऱ्याचा खरा अर्थ त्यांच्याबरोबरच गेला. वांचलेले स्वार तोफांपर्यंत पोंचलेही. परंतु सुमारें ११० जण मेले व १६० च्या आसपास जखमी झाले. पुढें रॅग्लन यांनीं ल्यूकन यांस दोष दिला, ल्यूकन यांनीं तो झिडकारला. १८५५ मध्यें त्यांस परत बोलाविण्यांत आलें. त्यांनीं मागितलेली लष्करी चौकशी नाकारण्यांत आली.

आम्हांस वाटतें, एकच अपराधी शोधण्यांत या प्रसंगाचें मर्म हातीं लागत नाहीं. रॅग्लन यांनीं आपल्या दृष्टीस पडणारें सर्वांनाच दिसतें असें गृहीत धरलें. नोलन यांस प्रश्न हा भ्याडपणा वाटला. दोघां मेहुण्यांस एकमेकांशीं चार शब्द अधिक बोलणें अपमानाचें वाटलें. रणांगणावर वाद घालीत बसतां येत नाहीं, असा आक्षेप येथें कोणी घेईल, आणि तो खराही आहे. परंतु हुकूम मोडणें निराळें व तो समजून घेणें निराळें. ज्या सैन्यांत दुसऱ्या प्रकारास पहिल्याचें नांव मिळतें, तेथें आज्ञापालन निर्दोष होऊनही काम भलतेंच होतें. टेंकड्यांवरील तोफांकडे त्या दिवशीं घोडदळ गेलेंच नाहीं. स्वारांनीं आपलें कर्तव्य पुरेपूर बजावलें. त्यांच्या वरिष्ठांस आणखी एक प्रश्न विचारण्याचें व त्याचें नीट उत्तर देण्याचें कर्तव्य मात्र बजावतां आलें नाहीं.