सायकलस्वारांवरील हेल्मेटसक्ती : व्हिक्टोरिया राज्याच्या १९९० च्या कायद्याचा इतिहास व त्यावरील वाद

प्रस्तावना

‘हेल्मेटसक्ती’ हा शब्द उच्चारताच महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे पुण्यातील स्कूटर-मोटारसायकलस्वार आणि त्यांची आंदोलने उभी राहतात. प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील हेल्मेटविषयक कलम १२९ मोटारसायकलींपुरते आहे. पायाने चालविली जाणारी साधी सायकल त्या अधिनियमाच्या अर्थाने मोटार वाहनच नव्हे. सर्व वयाच्या सायकलस्वारांवर राज्यभर हेल्मेट बंधनकारक करण्याचा प्रयोग जगात प्रथम ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून केला. या कायद्याने काय साधले, यावर गेली तीन दशके वैद्यकतज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि वाहतूकतज्ज्ञ यांच्यात वाद चालू आहे. हेल्मेटची उपयुक्तता आणि हेल्मेटसक्तीच्या कायद्याची उपयुक्तता हे दोन वेगळे प्रश्न असून त्यांची गल्लत झाल्यामुळेच हा वाद लांबला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

व्हिक्टोरियाला अशा कायद्यांची परंपरा होती. मोटारसायकलस्वारांसाठी हेल्मेटची सक्ती तेथे १९६१ मध्ये आली, तर मोटारीत आसनपट्टा बांधण्याची सक्ती करणारे जगातील पहिले राज्य म्हणून १९७० मध्ये व्हिक्टोरियाने नाव मिळविले. सक्तीने जीव वाचतात हा तेथील शासनाचा आणि शल्यचिकित्सकांचा अनुभवसिद्ध विश्वास होता. अपघातात डोके फुटलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करणारे शल्यचिकित्सक या मागणीच्या अग्रभागी होते, आणि त्यांच्या कळकळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

सक्तीपूर्वी जवळजवळ दशकभर प्रचार झाला. शाळांतून सायकल-शिक्षण देण्यात आले, हेल्मेटच्या खरेदीवर सवलती दिल्या गेल्या. परिणामी हेल्मेट वापरणाऱ्या सायकलस्वारांचे प्रमाण १९८२-८३ मधील ५ टक्क्यांवरून १९८९-९० मध्ये ३१ टक्क्यांवर गेले. कायदा आल्यावर एकाच वर्षात ते ७५ टक्के झाले. अंमलबजावणीच्या दृष्टीने हे यश निर्विवाद होय.

अन्य राज्यांनी हा मार्ग का स्वीकारला, याचे उत्तर मात्र केवळ वैद्यकीय नाही. डिसेंबर १९८९ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी धोकादायक रस्त्यांच्या सुधारणेसाठी राज्यांना केंद्रीय निधी देऊ केला आणि त्याला दहा अटी जोडल्या. सायकलस्वारांसाठी हेल्मेटसक्ती ही त्यांपैकी एक होती. रस्त्यासाठी पैसा हवा असेल तर डोक्यावर हेल्मेट घाला, असा हा व्यवहार होता! त्यानंतर दोन-अडीच वर्षांत देशातील सर्व राज्यांनी असे कायदे केले. व्हिक्टोरियाच्या प्रयोगाचे निष्कर्ष हाती येऊन त्यांची नीट छाननी होण्यापूर्वीच हा निर्णय देशभर पसरला होता, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे.

सिएटलचा आकडा

या काळातील चर्चेवर एका संशोधनाचा प्रभाव विलक्षण होता. अमेरिकेतील सिएटल येथील थॉम्प्सन, रिवारा व थॉम्प्सन यांचा निबंध १९८९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. डोक्याला इजा झालेल्या २३५ सायकलस्वारांची तुलना इतर सायकलस्वारांशी करून त्यांनी असे प्रतिपादन केले की, हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका ८५ टक्क्यांनी, तर मेंदूच्या इजेचा ८८ टक्क्यांनी कमी होतो. आपण होऊन हेल्मेट घालणारी मुले आणि न घालणारी मुले यांची घरची स्थिती, सायकल चालविण्याची जागा आणि सवयी सारख्या नव्हत्या, हा आक्षेप नंतर घेतला गेला. तरीही ८५ हा आकडा भाषणांतून, पत्रकांतून आणि विधिमंडळांतील चर्चांतून अक्षरशः मंत्रासारखा फिरत राहिला. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणांनी आपल्या साहित्यातून तो काढून टाकण्याचे मान्य केले.

याचा अर्थ हेल्मेट निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. ऑलिव्हिए आणि क्रेटन यांनी ४० अभ्यासांचे आणि ६४,००० हून अधिक जखमी सायकलस्वारांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये मांडले. त्यात डोक्याच्या इजेची शक्यता सुमारे निम्म्याने, तर गंभीर इजेची ६९ टक्क्यांनी कमी आढळली. पडलेल्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट असणे नसण्यापेक्षा बरे, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही.

अंश आणि छेद

खरा वाद येथून पुढे सुरू होतो. कायद्यानंतर व्हिक्टोरियात डोक्याच्या इजेमुळे मृत्यू पावलेल्या वा रुग्णालयात दाखल झालेल्या सायकलस्वारांचे विमा दावे पहिल्या वर्षी ४८ टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी ७० टक्क्यांनी घटले. हे आकडे सर्वत्र उद्धृत होतात. त्याच अभ्यासातील दुसरी जोडी क्वचितच उद्धृत होते. ज्यांच्या डोक्याला इजाच झाली नव्हती, हातपाय मोडले होते, अशा सायकलस्वारांची संख्याही अनुक्रमे २३ आणि २८ टक्क्यांनी घटली होती. हेल्मेट घातल्याने पाय मोडायचा वाचतो, असे कोणीही म्हणणार नाही. मग ही घट कशामुळे झाली?

याला दोन कारणे संभवतात. पहिले असे की, नेमक्या याच सुमारास व्हिक्टोरियात वेगमर्यादा मोडणाऱ्यांना टिपणारे कॅमेरे आणि मद्यपी चालकांची व्यापक तपासणी सुरू झाली होती. राज्यातील एकूण रस्ते-अपघाती मृत्यू १९८९ मधील सुमारे ७७५ वरून १९९० मध्ये ५५० च्या आसपास आले. रस्ता सर्वांसाठीच कमी धोकादायक झाला होता. दुसरे कारण अधिक अस्वस्थ करणारे आहे. मुळात सायकल चालविणारेच कमी झाले होते. मेलबर्नमधील ठरावीक ठिकाणांवर मे १९९० व मे १९९१ मध्ये केलेल्या मोजणीत किशोरवयीन सायकलस्वार चाळीस टक्क्यांहून अधिक घटलेले दिसले.

आर्मिडेल येथील संख्याशास्त्रज्ञ डोरोथी रॉबिन्सन यांनी १९९६ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले. शालेय गणिताच्या भाषेत सांगायचे तर, शासन अपूर्णांकाचा अंश दाखवीत होते. छेदही घसरला आहे, हे रॉबिन्सन यांनी दाखविले. मोजणीची साधने निर्दोष होती असे नव्हे. १९९२ च्या मोजणीच्या वेळी एका ठिकाणावरून सायकलफेरी गेल्याने तेथील संख्या फुगली होती, हेही त्यांनीच निदर्शनास आणले. विरोधी अभ्यासकांनी ही घट तात्पुरती असल्याचे आणि मोजणीची ठिकाणे थोडी असल्याचे प्रतिपादन केले. प्रौढांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. मुलांच्या बाबतीत ते पटत नाही.

न्यू साउथ वेल्समधील एक नोंद येथे विशेष महत्त्वाची आहे. सिडनीतील माध्यमिक शाळांपाशी केलेल्या मोजणीत सायकलने येणाऱ्या विद्यार्थिनी १९९१ मध्ये २१४ होत्या. १९९३ मध्ये त्या २० उरल्या. संख्या लहान आहे, तिच्यावर मोठा सिद्धान्त उभारता येणार नाही. परंतु मुलीच्या शिक्षणात सायकलीचे स्थान काय असते, हे मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण विद्यार्थिनींना सायकली मिळालेल्या महाराष्ट्रातील प्राध्यापकांना सांगावयास नको. गणकाच्या कागदावर सायकल चालविणाऱ्याची रेघ ओढली जाते, सायकल सोडून देणाऱ्याची नाही. रुग्णालयाच्या नोंदवहीतही ती व्यक्ती येत नाही. उलट तिची अनुपस्थिती कायद्याच्या खात्यावर यश म्हणून जमा होते.

सायकलस्वारांची संख्या घटल्याने उरलेल्यांचे काय होते, हाही प्रश्न आहे. रस्त्यावर सायकली जितक्या जास्त, तितका प्रत्येक सायकलस्वाराचा धोका कमी, असा संबंध पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये अनेक शहरांच्या व देशांच्या आकडेवारीवरून मांडला. नेदरलँड्समध्ये हेल्मेट घालणारे अत्यल्प आहेत आणि तरीही तेथील सायकलप्रवास जगातील सर्वांत सुरक्षित प्रवासांत गणला जातो. अर्थात त्यामागे स्वतंत्र सायकलमार्गांवर झालेला दीर्घकालीन खर्च आहे, हे सक्तीच्या विरोधकांनी विसरू नये.

दुरुस्त्या आणि माघार

कायद्याचा पुढील प्रवास सरळ रेषेत झाला नाही. ऑस्ट्रेलियाच्याच नॉर्दर्न टेरिटरीने १९९४ मध्ये पदपथ आणि सायकलमार्गांवरील प्रौढांना सूट दिली. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९९९ मध्ये सक्तीला विरोध केला आणि २००४ मध्ये पाठिंबा दिला. मेक्सिको सिटीने २०१० मध्ये सक्ती रद्द केली. इस्रायलने २००७ मध्ये केलेला कायदा २०११ मध्ये प्रौढांपुरता बव्हंशी मागे घेतला. मेलबर्नमध्ये २०१० साली सुरू झालेली सार्वजनिक सायकल योजना कमी प्रतिसादामुळे २०१९ मध्ये बंद पडली. भाड्याची सायकल घेणाऱ्याने हेल्मेट कोठून आणावे, हा तिचा कायमचा पेच होता. याउलट न्यू साउथ वेल्सने २०१६ मध्ये हेल्मेट नसल्याचा दंड ७१ डॉलरवरून ३१९ डॉलरवर नेला.

ज्या सिएटलमधून ८५ टक्क्यांचा आकडा जगभर गेला, तेथील घटनाक्रम सर्वांत बोलका आहे. सिएटल ज्या किंग काउंटीत येते, तेथे १९९३ मध्ये सक्ती झाली आणि २००३ मध्ये ती सिएटल शहराला लागू करण्यात आली. पुढे दंडाच्या पावत्यांची छाननी झाली तेव्हा कृष्णवर्णीय सायकलस्वारांना दंड होण्याचे प्रमाण श्वेतवर्णीयांच्या जवळजवळ चौपट असल्याचे आणि दंड झालेल्यांत बेघरांचा भरणा मोठा असल्याचे आढळले. काउंटीच्या आरोग्य मंडळाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सक्ती रद्द केली, आणि त्याच वेळी प्रत्येक सायकलस्वाराने हेल्मेट घालावे अशी शिफारसही कायम ठेवली. व्हिक्टोरियाचा कायदा अद्याप लागू आहे.