रीलमधला ट्राउट वैनगंगेत का नाही? आणि थंडी सरताना कारध्याला गळाला नेमकं काय लागतं?

फेब्रुवारी आला की इन्स्टावर ठराविक रील फिरायला लागतात. बर्फाळ नदी, कमरेपर्यंत पाण्यात उभा असलेला माणूस, हवेत लांबच लांब वळणं घेणारी दोरी आणि शेवटी हातात चकाकणारा चंदेरी मासा. कॅप्शनमध्ये 'स्टीलहेड' किंवा 'ट्राउट' असं लिहिलेलं असतं.

अशा रीलखाली एखादी मराठी कमेंट हमखास दिसते, "आपल्याकडे कुठे मिळतो हा?" सरळ उत्तर द्यायचं तर महाराष्ट्रातल्या नद्यांमध्ये नाही. पण तो का नाही हे शोधायला गेलं की आपल्या नद्यांची गोष्ट कळते. त्यासाठी आपण भंडारा शहरातून पूल ओलांडला की लागणाऱ्या कारध्याला, वैनगंगेच्या काठावर जाऊ.

आधी समजून घेऊ, फ्लाय फिशिंग म्हणजे काय?

आपल्याकडच्या नेहमीच्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात, शिशाचं वजन बांधतात आणि फेकतात. त्या वजनामुळे दोरी लांब जाते.

फ्लाय फिशिंगमध्ये उलटं असतं. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटा किडा तयार करतात, त्यालाच 'फ्लाय' म्हणतात. त्याला वजन जवळपास नसतंच, म्हणून दोरीच जाड आणि जड असते. ती मागेपुढे झुलवून पुढे फेकावी लागते. रीलमध्ये दिसणारी ती सुंदर वळणं दिखाव्यासाठी नसतात, त्यांच्याशिवाय फ्लाय पुढे जाणारच नाही.

आणि स्टीलहेड? स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही एकच जात. जो मासा आयुष्यभर नदीत राहतो तो रेनबो ट्राउट, जो समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो तो स्टीलहेड. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नद्यांमध्ये त्यांचा एक मोठा गट हिवाळ्यात वर चढतो. म्हणून तिथले गळवाले हिवाळा संपत असताना नदीवर गर्दी करतात.

मग भारतात ट्राउट आहे की नाही?

आहे, पण तो बाहेरून आणलेला. इंग्रजांना मायदेशातल्या मासेमारीची आठवण येत होती. १९०० च्या सुमारास त्यांनी ब्रिटनमधून ब्राउन ट्राउटची अंडी आणून काश्मीरमध्ये वाढवली. पुढे हिमाचलच्या कुलू खोऱ्यात आणि दक्षिणेत निलगिरी, मुन्नारच्या उंच भागातही ट्राउट सोडले गेले.

या सगळ्या जागांमध्ये एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे थंड पाणी. ट्राउटला साधारण १० ते १८ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. विशीच्या बरंच वर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो.

त्याचं कारण प्राणवायू. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. १० अंशांच्या पाण्यात एका लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. भंडाऱ्यात मे महिन्यात हवेचा पारा ४५ च्या घरात जातो. तेव्हा वैनगंगेत ट्राउट सोडला, तर तो पहिला उन्हाळाही काढणार नाही.

मग कारध्याला गळाला काय लागतं?

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट, गोंदियावरून भंडाऱ्यात येते आणि पुढे गडचिरोलीत वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. ही गोदावरी खोऱ्यातली, मैदानी, कोमट पाण्याची नदी आहे. तिचे मासेही तसेच.

रोहू, कतला, मृगळ हे कार्प गटातले मोठे मासे. लांबट, सापासारखी वाम. मिशावाला शिंगाडा. दबा धरून शिकार करणारी मरळ. आणि वैदर्भीय जेवणात ज्यांना वेगळाच मान आहे ते झिंगे.

मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असतं, तेव्हा त्याचं पचन मंदावतं, तो कमी खातो आणि खोल डोहात बसून राहतो. महाशिवरात्रीच्या आसपास ऊन तापायला लागलं की काठाजवळचं उथळ पाणी आधी गरम होतं आणि मासा खायला बाहेर पडतो. म्हणून या दिवसांत भल्या पहाटेपेक्षा दुपारकडे गळाला मासा लागण्याची शक्यता जास्त.

फ्लायवर यातला कोण येईल? सगळ्यात आधी मरळ. ती पाण्याच्या पृष्ठभागावर हलणाऱ्या बेडकावर, किड्यावर झडप घालते. एकच पथ्य पाळायचं. मरळीची जोडी पिल्लांचा थवा राखत फिरते, तेव्हा तिला पकडायचं नाही. आईबाप गेले की इतर मासे सगळी पिल्लं फस्त करतात.

'आपला ट्राउट' म्हणायचा मान मात्र महाशीरचा. डब्ल्यू. एच. साईक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून दख्खनच्या महाशीरची शास्त्रीय नोंद केली. गोदावरी खोऱ्यातही तो सापडतो. त्याला स्वच्छ, वाहतं आणि खडकाळ पाणी लागतं. आणि मुद्दा इथेच येतो.

नदी आहे, पण वाहते का?

स्टीलहेड हिवाळ्याच्या शेवटी अंडी घालतो. आपले रोहू, कतला, मृगळ पावसाळ्यात घालतात आणि त्यांना त्यासाठी वाहतं, चढतं पाणी लागतं. त्यांची अंडी प्रवाहासोबत वाहत जातात. साठलेल्या पाण्यात हे मासे वाढतात, वजनही धरतात, पण आपणहून अंडी घालत नाहीत.

तलावात दरवर्षी 'मत्स्यबीज' का सोडावं लागतं, याचं उत्तर यातच आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी कार्प माशांना इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्यात यश मिळवलं. तेव्हापासून तलावांसाठी बीज तयार करणं शक्य झालं. नदीचं काम सुई करू लागली. देशात १० जुलै हा मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो यासाठीच.

आता कारध्याकडे बघा. इथून खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. सुमारे १,१४६ दशलक्ष घनमीटर साठ्याचं हे धरण भरलं की त्याचं बॅकवॉटर भंडाऱ्यापर्यंत येतं. पूर्वी थंडी सरताना नदी आटायची, वाळू उघडी पडायची, मधून धारा वाहायच्या. आता त्याच दिवसांत पात्र काठोकाठ दिसतं. फोटोत ते सुंदर दिसतं, पण ते पाणी जवळपास थांबलेलं असतं.

त्यात दुसरी अडचण. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. हे घाण पाणी बॅकवॉटरसोबत मागे सरकतं, ही भंडाऱ्यातल्या लोकांची जुनी तक्रार आहे. सांडपाण्यातल्या खतामुळे जलपर्णी माजते, ती कुजली की पाण्यातला उरलासुरला प्राणवायूही खाते.

अशा पाण्यात टिकतो तो मरळीसारखा मासा, कारण ती वर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकते. किंवा तिलापियासारखा कुठेही तग धरणारा परदेशी पाहुणा. म्हणजे गळाला काय लागलं, यावरून पाण्याची तब्येत कळते.

याचा फटका कुणाला बसतो?

आपल्यासाठी मासेमारी हा रविवारचा छंद आहे. ढिवर समाजासाठी ती चूल आहे. डोंगा, जाळं आणि नदीची नस ओळखणारी नजर, यावर भंडारा-गोंदियातली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या चालली. नदीचे मासे कमी झाले की त्यांना ठेक्याचा तलाव आणि विकतचं बीज, यावरच भिस्त ठेवावी लागते.

पण याच जिल्ह्यांत एक आशेची गोष्टही घडली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवर समाजातल्या लोकांनी मिळून मामा तलावांवर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांवर काम केलं. तळ्यात माजलेली बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा लपतो, कुठे अंडी घालतो, हे ढिवरांना ठाऊक होतंच. त्या ज्ञानावर काम झालं आणि देशी मासे परतू लागले.

नदीचं काम तलावाइतकं सोपं नाही. तिथे शहराचं सांडपाणी शुद्ध होऊनच खाली यायला हवं आणि माशांच्या हंगामात पाणी वाहतं राहायला हवं.

तुम्हाला गळ टाकायचाच असेल तर?

१. आधी विचारा. तलाव आणि जलाशयातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. संस्थेला आणि मत्स्यव्यवसाय विभागाला विचारल्याशिवाय गळ टाकू नका.

२. पावसाळ्यात थांबा. तो माशांचा विणीचा काळ असतो.

३. सुरुंग आणि विष यांना १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच बंदी आहे. असं काही दिसलं तर कळवा.

४. लावलेल्या जाळ्यांपासून दूर राहा. तुमच्या गळाने फाटलेलं जाळं म्हणजे कुणाची तरी दिवसाची मजुरी.

५. नायलॉनची तुटलेली दोरी पाण्यात टाकू नका. पक्षी आणि कासवं त्यात अडकतात.

तर पुढच्या वेळी ट्राउटचं रील दिसलं की माशासोबत मागची नदीही बघा. तो मासा तिथे आहे, कारण ते पाणी थंड आहे, स्वच्छ आहे आणि वाहतंय. थंडपणा वैनगंगेच्या नशिबात नाही, तो नसला तरी चालेल. बाकीच्या दोन गोष्टी मात्र तिच्याकडे कालपरवापर्यंत होत्या.