गुरुवार, दुपारी 4:10

चिंचवडमधल्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एका नवरा-बायकोने घरचं बाथरूम स्वतःच नवं करायला घेतलं, त्या दिवसाचा हा घटनाक्रम. मी दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या खाली राहते. दोघांनी नंतर सांगितलेलं, वॉचमनकडून कळलेलं आणि सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज जुळवून वेळा लावल्या आहेत.

सकाळी 8:10. उरले आठ तास.
गुरुवार, म्हणजे एमआयडीसीला सुट्टी. तो भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. ती हिंजवडीला जाते, तिने रजा टाकली होती. मिस्त्रीने सांगितलेला आकडा ऐकून दोघांनी ठरवलं, आपणच करू. रात्र-रात्र व्हिडिओ पाहून झाले होते. टाइल्स, अ‍ॅडहेसिव्ह, वॉटरप्रूफिंगचा डबा, भाड्याने आणलेला ब्रेकर, सगळं लिफ्टने वर चाललं होतं. "काकू, आज थोडा आवाज होईल हं," ती म्हणाली. आम्हाला मिळालेली सूचना एवढीच.

सकाळी 8:40. उरले साडेसात तास.
त्याने गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. आमच्या इमारतीत टाकीतून निघालेला एक पाइप डक्टमधून खाली उतरतो आणि एकाखाली एक असलेल्या सगळ्या बाथरूमना पाणी देतो. त्याच्याबरोबर माझं पाणी गेलं, पहिल्या मजल्याचं गेलं आणि तळमजल्यावरच्या आजोबांचंही गेलं.

"अरे, खाली कुणाला सांगितलंस का?" तिने विचारलं.

"कशाला उगाच? संध्याकाळी चालू करतोच आहे."

हाच माणूस कारखान्यात मशीन उघडण्याआधी मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो, नाव लिहिलेला लाल टॅग अडकवतो आणि किल्ली खिशात टाकतो. लॉकआउट-टॅगआउट म्हणतात त्याला. आपला हात मशीनमध्ये असताना दुसऱ्या कुणी, अगदी चांगल्या हेतूनेही, बटण दाबू नये म्हणून ही सगळी खटपट. गच्चीवरच्या व्हॉल्व्हला ना कुलूप होतं, ना साधी चिठ्ठी.

सकाळी 9:30. उरले पावणेसात तास.
ब्रेकर सुरू झाला. माझ्या फडताळातली भांडी वाजू लागली. जुन्या टाइल्स प्लास्टरसकट निघत होत्या. राडारोडा जाऊन नहाणी ट्रॅप चोंदू नये म्हणून त्यांनी ट्रॅपच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घट्ट ठोकला. हे अगदी बरोबर केलं. दाराचा उंबराही नवा बसवायचा म्हणून फोडला. तेही रीतसरच. फक्त या दोन्हींमुळे बाथरूममध्ये आलेल्या पाण्याला आता एकच वाट उरली होती, हॉलची.

सकाळी 11:05. उरले पाच तास.
वीज गेली. गुरुवार असला की देखभालीच्या कामासाठी अशी जाते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. ब्रेकर बंद पडला तसा त्याने छिन्नी-हातोडा घेतला. शॉवरखालची टाइल काढताना छिन्नी भिंतीतल्या सीपीव्हीसी पाइपच्या एल्बोवर बसली. एल्बो तडकला. पाणी बंद असल्यामुळे थेंबही आला नाही, म्हणून घाबरायचं कारणही दिसलं नाही.

दुपारी 12:15. उरले चार तास.
तो चापेकर चौकाकडे जाऊन एल्बो घेऊन आला. तो निघाला पाऊण इंची, हवा होता अर्धा. पुन्हा गेला.

तळमजल्यावरच्या आजोबांच्या नळाला पाणी नव्हतं, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. 25 नोव्हेंबर 2019 पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी येतं. कोरडा नळ पाहून दचकायची सवय आम्हाला राहिलेली नाही. आधी बादलीकडे पाहायचं, मग टाकीकडे, आणि कुणाला विचारायचंच झालं तर सगळ्यात शेवटी. मीही भरून ठेवलेल्या पिंपातलं पाणी काढलं आणि कामाला लागले.

दुपारी 1:50. उरले सव्वादोन तास.
नवा एल्बो सॉल्व्हंट सिमेंट लावून बसवला. हा जोड हाताला लगेच पक्का वाटतो, पण दाबाचं पाणी सोडण्याआधी त्याला काही तास द्यावे लागतात. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, आणि त्यांनी ते वाचलंही होतं. म्हणूनच ती म्हणाली, "तोपर्यंत जेवून येऊ." घराला कुलूप लावून दोघं बाहेर पडले. दिवसभरातला सगळ्यात शहाणा निर्णय, आणि नेमका तोच महागात पडला.

दुपारी 2:55. उरला सव्वा तास.
वीज आली. वॉचमनने मोटर लावली. आजोबांनी अखेर त्याला हाक मारली. वीज नव्हती म्हणून टाकी रिकामी असेल, असं त्याने सांगितलं. त्या तासाला ते कुणालाही पटलं असतं.

दुपारी 3:25. उरली 45 मिनिटं.
टाकी भरली तरी आजोबांचा नळ कोरडाच. वॉचमन गच्चीवर गेला. व्हॉल्व्ह बंद! पोरांचा चावटपणा असणार, असं म्हणत त्याने तो पुरता उघडला.

टाकी त्या बाथरूमच्या साधारण दहा मीटर वर आहे. दहा मीटर पाण्याचा दाब म्हणजे जवळजवळ एक बार. ओल्या जोडाला तेवढा पुरला. अर्धा इंची तोंडातून मिनिटाला बादलीभर पाणी मोकळं झालं. नहाणीला बोळा होता, उंबरा नव्हता, घरात कुणी नव्हतं.

दुपारी 3:50. उरली 20 मिनिटं.
माझ्या बाथरूमच्या छतातून ठिपके पडू लागले. वर धुणं-पुसणं चाललं असेल, असं मला वाटलं. मग हॉलमधल्या दिव्याच्या भोकातून धार लागली. मी मेन स्विच पाडला आणि वर धावले. दाराखालून पाणी जिन्यावर येत होतं. ग्रुपवर 4:02 ला माझा मेसेज आहे: "तिसऱ्या मजल्यावर कोण आहे का???"

दुपारी 4:10.
माझ्या हॉलचं पीओपीचं छत मधोमध फुगलं आणि सोफ्यावर कोसळलं. मी दारात होते. वॉचमनने गच्चीवर पळत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, तोपर्यंत वरच्या हॉलमध्ये घोटाभर पाणी झालं होतं.

आमचं पाण्यावर निभावलं. वर गेले तेव्हा मला धडकी भरली ती पाण्यामुळे नव्हे, बेडरूमच्या एका कोपऱ्यात छातीइतक्या उंच रचलेल्या राडारोड्याच्या पोत्यांमुळे. एवढं वजन स्लॅबवर एकाच जागी. 20 मे 2025 ला कल्याण पूर्वेच्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला, खालचे मजले घेऊन गेला आणि सहा जणांचा जीव गेला. 25 जुलै 2017 ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडून 17 जण गेले, तेव्हा तळमजल्यावर फेरफार चालले होते. दोन्हीकडे काम एकाच्या जागेत होतं आणि मेले शेजारी. फ्लॅटमध्ये "माझ्या घरात मी काहीही करीन" हे फार तर रंगाच्या बाबतीत खरं आहे.

त्या दिवशी चुकलेला माणूस शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. वॉचमनने आजोबांचं ऐकलं, वरच्या दोघांनी जोड वाळू दिला, आजोबांनी धीर धरला. चुकली फक्त सकाळी 8:40 ची एक ओळ, जी ग्रुपवर पडलीच नाही.

पुढच्या बैठकीत ठराव झाला. फोडाफोडीला सोसायटीची लेखी परवानगी, राडारोडा त्याच दिवशी खाली, आणि गच्चीवरच्या प्रत्येक व्हॉल्व्हला साखळी व कुलूप. काम ज्याचं, किल्ली त्याच्या खिशात, नाव आणि फोन नंबर टॅगवर. टॅग तिसऱ्या मजल्यावरच्या नवऱ्यानेच कारखान्याच्या पद्धतीने लॅमिनेट करून आणले.

माझ्या छताचा खर्च त्या दोघांनी ताबडतोब कबूल केला. उलट, "काकू, छत आम्ही दोघंच करून देऊ का, एका गुरुवारात होईल," असंही म्हणाले.

मी मिस्त्रीला फोन लावला.