मिठाईतील नारिंगी रंग
लंडनच्या विल्यम पर्किन या १८ वर्षांच्या तरुणाने १८५६ साली दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला, तो कापडासाठी. पुढे असल्याच रंगांनी मिठाईही नटू लागली. अमेरिकेत रसायनज्ञ बर्नार्ड हेस यांनी सुमारे ८० रंग पारखून अवघे ७ निवडले व १९०७ साली त्यांवर सरकारी मोहोर उठली. त्यांतलाच ‘नारिंगी क्रमांक १’. १९५० च्या हॅलोवीन सणाला त्या रंगाची मिठाई खाऊन अनेक मुलांना जुलाब झाले. मोहोर आतड्याला थोडीच वाचता येते! काही वर्षांनी तो रंग खाद्ययादीतून वगळला गेला. २०२२ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांना ‘अल्युरा रेड’ या तांबड्या रंगाने उंदरांच्या आतड्यांचा दाह बळावलेला आढळला. माणसाबाबत मात्र तसे सिद्ध झालेले नाही.